वादकाची नाममुद्रा

पुस्तकाचे पुनर्मुद्रण आणि ध्वनिमुद्रिकेचे पुनःप्रकाशन या दोन गोष्टी आपण सहसा एकाच मापाने मोजतो. मुळात त्या तशा नाहीत. पुस्तक पुन्हा छापले जाते तेव्हा मुखपृष्ठ बदलते, नवी प्रस्तावना येते, क्वचित मुद्रणदोषांची भरही पडते. पण लेखकाचे नाव जागचे हलत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत मात्र उलटे घडते. आवाज तोच राहतो, आणि तो कोणाचा हा प्रश्न दर आवृत्तीत नव्याने उभा राहतो. गायकाचे नाव टिकते, कवीचे नाव बऱ्याचदा टिकते. ज्यांनी ते गाणे प्रत्यक्ष फुंकले, ठोकले, छेडले, त्या वादकांचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही आपला वाटावा असा आहे. कारण तो शेवटी कर्तृत्वाचा आणि नावाचा प्रश्न आहे.

आम्ही काही जण महाड-पोलादपूरच्या परिसरात साहित्य शिकवतो. संगीत हा आमचा विषय नव्हे. आमच्यातल्या एकाची जुनी विद्यार्थिनी इंग्लंडमध्ये असते. तिने काही वर्षांपूर्वी टॉमी मॅकूक या जमैकन सॅक्सोफोनवादकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या पुनःप्रकाशित सीडी पाठवल्या. त्यांत स्काटलाइट्स या वाद्यवृंदाचा ‘फाउंडेशन स्का’ हा १९९७चा दोन सीडींचा संच होता, मॅकूक आणि ट्रंपेटवादक बॉबी एलिस यांच्या दोन जुन्या तबकड्या एकत्र आणणारा २००३चा ‘ब्लेझिंग हॉर्न्स / टेनर इन रूट्स’ होता, आणि लंडनच्या ट्रोजन कंपनीने २००५ मध्ये काढलेला ‘रिअल कूल’ हा संग्रह होता. या शेवटच्या संग्रहाच्या उपशीर्षकात मॅकूकला सॅक्सोफोनचा जमैकन राजा म्हटले आहे. हे बिरुद मिळाले तेव्हा राजाला जाऊन सात वर्षे झाली होती.

मॅकूकचा जन्म क्यूबामधील हवाना शहरात मार्च १९२७चा. महाडमध्ये राहणाऱ्या माणसाला हा महिना आणि हे वर्ष वाचून क्षणभर थांबावेच लागते. त्याच महिन्याच्या १९ आणि २० तारखांना आमच्या गावात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला निघाले. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा सोस बरा नव्हे, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. इथेही तो चिकटवणार नाही. फक्त एवढेच की, त्या योगायोगामुळे आम्ही सीडीबरोबरची पुस्तिका अधिक लक्षपूर्वक वाचली.

मॅकूक लहानपणी आईबरोबर जमैकाला आला आणि किंग्स्टनमधल्या अल्फा नावाच्या शाळेत दाखल झाला. रोमन कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही शाळा गरीब, निराधार, व्रात्य ठरवलेल्या मुलांची. तिथे सुतारकाम, शिवणकाम, छपाई शिकवत, तसेच बँडही शिकवत. कारण स्वरलेखन वाचता येणाऱ्या मुलाला लष्करी बँडमध्ये नोकरी मिळण्याची आशा असे. या शाळेने जमैकाला वादकांची एक अख्खी पिढी दिली. मॅकूक तिथून बाहेर पडला तो किशोरवयातच नृत्यगृहांतल्या वाद्यवृंदात शिरला. १९५४ मध्ये तो बहामाला गेला, तिथे जॅझमध्ये मुरला, आणि १९६२ मध्ये, म्हणजे जमैका स्वतंत्र झाला त्या वर्षी, परत आला. त्या सुमारास किंग्स्टनच्या वस्त्यांत स्का नावाचे नवे संगीत घडत होते. अमेरिकन नाचगाण्याचा ठेका त्यात उलटा धरलेला असे. जोर जिथे पडायचा तिथे न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत पडे. १९६४ मध्ये स्काटलाइट्स हा वृंद उभा राहिला. त्यात मॅकूकबरोबर रोलंड अल्फॉन्सो आणि लेस्टर स्टर्लिंग हे आणखी दोन सॅक्सोफोनवादक होते, डॉन ड्रमंड हा ट्रॉम्बोनवादक होता. जेमतेम वर्ष-सव्वा वर्षात, १९६५ मध्ये, तो मोडलाही. एवढ्या अवधीत त्यांनी जे वाजवले त्यावर पुढचे रॉकस्टेडी आणि रेगे उभे राहिले.

हे संगीत घरात बसून ऐकण्याचे नव्हते. किंग्स्टनमध्ये गोरगरिबांना वाद्यवृंद परवडत नसे आणि त्यांचे संगीत नभोवाणीवर क्वचितच लागे. म्हणून मोठमोठी लाकडी खोकी, त्यांत कर्णे, एक ध्वनिवर्धक आणि तबकड्यांची चळत असा संसार मालमोटारीवर लादून मोकळ्या जागी लावला जाई. त्याला साउंड सिस्टिम म्हणत. ड्यूक रीड हा माजी पोलीस, दारूचे दुकान चालवणारा मालक, आपली खोकी ट्रोजन बनावटीच्या मोटारीवरून हलवी. त्यावरून लोक त्यालाच ट्रोजन म्हणू लागले आणि पुढे लंडनच्या कंपनीला तेच नाव मिळाले. या मालकांची आपसातली स्पर्धा जीवघेणी असे. आपल्याजवळची गाजणारी तबकडी कोणाची हे दुसऱ्याला कळू नये म्हणून ते तिच्यावरचा कागद खरवडून टाकत. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक तबकडी अशीच खरवडली गेली आणि कॉक्सन डॉड या मालकाच्या नावाने ‘कॉक्सन हॉप’ म्हणून वर्षानुवर्षे नाचवली गेली. नाव पुसणे हा तिथे निष्काळजीपणा नव्हता, तो धंद्याचा भाग होता.

पुढे वादकांची स्वतःची ध्वनिमुद्रणे होऊ लागली तेव्हाही त्यांना गाण्यामागे ठरलेली बिदागी मिळे आणि विषय संपे. शब्द नसलेल्या संगीतात अर्थाची एकच जागा उरते, ती म्हणजे शीर्षक. ‘आदिस अबाबा’, ‘मार्कस ज्युनिअर’, ‘फ्रीडम साउंड्स’ अशी शीर्षके देऊन या मुलांनी आफ्रिका, मार्कस गार्वी, स्वातंत्र्य हे सगळे एकही शब्द न उच्चारता सांगितले. पण शीर्षकाखाली वाजवणाऱ्याचे नाव नेमके असेलच असे नव्हते. एकाच तबकडीच्या दोन आवृत्त्यांवर दोन वेगळी नावे, कधी मालकाच्याच वृंदाचे नाव, कधी काहीच नाही. नव्वदीच्या दशकात पुनःप्रकाशनाची जी लाट आली तिचे मोल आम्हांला इथे जाणवते. स्टीव्ह बॅरो यांच्यासारखे संकलक वृद्ध वादकांकडे जाऊन बसले, त्यांना जुने तुकडे ऐकवले, हा टेनर कोणाचा आणि तो ट्रंपेट कोणाचा हे विचारले. मूळ फिती हरवल्या किंवा खराब झाल्या होत्या तिथे शोधून काढलेल्या तबकड्यांवरूनच प्रत उतरवली. त्यामुळे सुईची खरखर तशीच राहिली. पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांतली ती नामावली वाचताना आम्हांला पाठभेद लावणाऱ्या संपादकाची आठवण झाली. हस्तलिखिते जुळवून संहिता सिद्ध करणे आणि कान जुळवून वादक सिद्ध करणे, ही कामे एकाच कुळातली.

असे काम आपल्याकडे कोणी केले काय? अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. किंग्स्टनच्या अल्फा शाळेला समांतर अशी गोष्ट आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि वाद्य शिकवले जाई. ती मुले पुढे पलटणींच्या बँडमध्ये, हॉटेलांच्या वाद्यवृंदांत आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो शाव्हिएर वाझ, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या ‘अलबेला’त जो पाश्चात्य ठेका मराठी-हिंदी कानांवर बसवला त्यामागे चिक चॉकलेट यांच्या वृंदाची फुंकर होती. पण त्या काळच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे एक नाव येई आणि वाद्यवृंदातली साठ-सत्तर माणसे अंधारात बसलेली असत. कोलकात्याहून मुंबईत आलेले मनोहारी सिंह यांचा सॅक्सोफोन आपण शेकडो गाण्यांत ऐकला आहे, आणि २०१० मध्ये ते गेले तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की तो आवाज एका माणसाचा होता. अलीकडे या वादकांवर पुस्तके झाली, अनुबोधपट झाले. तरीही हे सारे मुंबईपाशी आणि चित्रपटापाशी येऊन थांबते. मुंबईतून दक्षिणेला निघालेला महामार्ग महाड-पोलादपूरवरून जातो. चौकशी मात्र इथवर येत नाही.

वास्तविक या टापूत वाद्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. शिमग्याच्या पालखीपुढे आणि लग्नाच्या वरातीपुढे ढोल, सनई, टिमकी यांचा खालूबाजा असतो. गणवेश घातलेल्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असतात. बुलबुलतरंगाला वीज जोडून तयार झालेला आणि का कोण जाणे बेंजो हे नाव धारण केलेला तो कर्कश, लाडका प्रकार असतो. आणि १४ एप्रिलला, २० मार्चला, मनुस्मृतिदहनाच्या २५ डिसेंबरला भीमगीते असतात. टेम्पोवर रचलेली खोकी, वर कर्णे, पुढे चालणारी माणसे हे दृश्य ज्याने महाडच्या रस्त्यावर पाहिले आहे त्याला किंग्स्टनची साउंड सिस्टिम समजावून सांगावी लागत नाही. ज्या माणसांना देवळात, शाळेत आणि सभागृहात जागा नव्हती त्यांनी दोन्हीकडे रस्ता आवाजाने भरून टाकला.

भीमगीतांचा इतिहास आपल्या वाचकांना परिचित आहे. सत्यशोधकी जलशातून आंबेडकरी जलसा निघाला; भीमराव कर्डकांनी तो गावोगाव नेला; वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) हजारो गीते रचली; विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांनी ती खेडोपाडी पोचवली, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटने ती घराघरांत नेली. या गीतांच्या शेवटच्या कडव्यात पुष्कळदा कवीचे नाव येते. ती आपली जुनीच रीत आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा गुंफली म्हणून शतकानुशतके, ना छपाई ना हक्क अशा काळात, रचनेचा धनी हरवला नाही. कवितेला सही आतून करता येते. पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची मानली जाणारी समाधी आहे. तिथे उभे राहिले की वाटते, शब्दांच्या माणसांची आपण कशीबशी का होईना, आठवण ठेवतो. फुंकरीच्या माणसांनी सही कुठे करायची?

आमच्याजवळ अशा पन्नासेक कॅसेटी होत्या. त्यांच्या वेष्टणांवर गायकाचे छायाचित्र, कवीचे नाव, संगीतकाराचे नाव, दुकानाचा पत्ता, किंमत हे सगळे होते. वादकांचे नाव एकाही वेष्टणावर नव्हते. जुलै २०२१च्या पुरात सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजले बुडाले. त्याच दिवसांत तळिये येथे दरड कोसळून गाव गाडले गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. अशा वेळी कॅसेटींचे दुःख सांगायचे नसते, आणि आम्हीही ते कोणाला सांगितले नाही. महिन्याभराने खोकी उघडली तेव्हा फितीवर गाळ वाळला होता. जे आपण पुन्हा कधीतरी ऐकू म्हणून ठेवले होते ते किती थोड्या आधारावर उभे होते, हे त्या दिवशी कळले. जमैकात कोणा अनोळखी माणसाने जपलेल्या खरखरीत तबकडीवरून मॅकूक परत आला. इथे ती दुसरी प्रत कोणाकडे असेल, असे विचारत आम्ही वाड्यावस्त्यांवर जाऊ लागलो.

त्या हिंडण्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आम्हांला एक वृद्ध बँडमास्तर भेटले. तरुणपणी ते मुंबईत गिरणीत होते. लालबागच्या एका बँडमध्ये सॅक्सोफोन शिकले, दिवसा खात्यात आणि लग्नसराईत रात्री वरातीत. १९८२चा संप लांबला तसे गावी आले, मग कधी इथल्या बँडमध्ये, कधी बोलावणे आले तर मुंबईला. आम्ही त्यांना मॅकूकचे स्का ऐकवले. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. सुताराने दुसऱ्याची चौकट पाहावी तसे ते ऐकत होते.

“हा उभा राहून वाजवतोय, सर,” ते म्हणाले. “आमी चालत वाजवतो. चालताना फुंकर पायाशी बांधून ठेवायला लागती. पाय चुकला की सूर गेला.”

“आणि ताल, मास्तर?”

“उलटा धरलाय. पण सोडला नाय कुठं.”

स्काविषयी आम्ही वाचलेल्या पानांत याहून नेमके काही सापडले नव्हते.

मग त्यांनी आपल्या एका ध्वनिमुद्रणाची हकीकत सांगितली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांना भीमगीतांच्या एका कॅसेटसाठी मुंबईला बोलावले होते. दोन दिवस काम, रोख पैसे, चहा, रात्रीची एस्टी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एका गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीचा पीस वाजवताना त्यांचा दम तुटला आणि लांबवायचा सूर मध्येच चिरला. ते थांबून म्हणाले, पुन्हा घेऊ. वेळ संपत आली होती. समोरून सांगण्यात आले, चालेल. ते गाणे पुढे गाजले. दर १४ एप्रिलला खाली रस्त्यावर ते लागते, आणि मास्तर अंगणात बसून त्या जागेची वाट पाहतात.

“बाकी कोनाचंबी वाटंल,” ते म्हणाले, “पन जितं दम तुटलाय ना, तो मीच.”

आम्ही वर्गात नाममुद्रेवर इतकी वर्षे बोलत आलो. वादकाची नाममुद्रा अशी असू शकते हे आमच्या टिपणांत कुठेच नव्हते. ज्याला वेष्टणावर जागा मिळाली नाही त्याने नकळत गाण्याच्या आत सही केली होती, आणि ती सही म्हणजे एक चूक होती.

त्या कॅसेटची एक प्रत आम्हांला नंतर एका जयंती उत्सव समितीच्या पेटीत मिळाली. तो पीस मास्तरांनी सांगितला तिथेच आहे, सूर चिरतो तिथेच चिरतो. पण त्याच गाण्याची जी नवी प्रत आता मोबाइलवर फिरते, ध्वनी स्वच्छ करून, नवे ठोके बसवून पुन्हा प्रकाशित केलेली, तिच्यात तो पीस नाही. कोणीतरी संगणकावर तेवढा भाग कापून तिथे ठोक्यांचा पट्टा जोडला आहे. गायकाचा आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट येतो, हे मान्य करायला हवे. नाचणाऱ्यांची पावले थांबत नाहीत, हेही खरे. ज्याने हे केले त्याच्या मनात काही वाईट असेल असे आम्हांला वाटत नाही. त्याला तिथे फक्त एक खराब झालेला सूर ऐकू आला.

जुन्या ध्वनिमुद्रणांवरच्या या प्रक्रियेला मराठीत काही जण ध्वनिशुद्धीकरण म्हणतात. महाडमध्ये राहणाऱ्याला शुद्धीकरण हा शब्द सहजासहजी उच्चारता येत नाही. २० मार्च १९२७ नंतर याच गावात तळ्यातले पाणी घागरींनी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेण्यात आले होते. ज्या ओंजळींनी पाणी घेतले त्यांची खूण पाण्यात राहू नये, हा त्या विधीचा हेतू होता. ध्वनितंत्रज्ञाच्या कामाची आणि त्या विधीची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. एकात द्वेष होता, दुसऱ्यात फक्त घाई आहे. तरीही परिणामाकडे पाहिले तर दोन्हीकडे कोणाचा तरी स्पर्श पुसला जातो, आणि पुसणाऱ्याला आपण गोष्ट अधिक चांगली केली असे वाटते. भीमगीताच्या बाबतीत हे घडावे याची टोचणी आम्हांला अधिक आहे. ज्या गीतांनी नाकारलेल्या माणसांना नाव घेऊन हाक मारली, त्यांच्याच आतून एका माणसाची एकुलती खूण नाहीशी होते.

यावर कायदा नाही काय? आहे. प्रतिलिप्यधिकार कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने सादरकर्त्या कलाकाराला दोन नैतिक हक्क दिले. आपण सादर केलेल्या गोष्टीचा कलाकार म्हणून आपली ओळख सांगितली जावी हा एक, आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये हा दुसरा. वाचायला समाधान वाटते. पण महाडला अशा कागदी समाधानाचा जुना अनुभव आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे ठराव दप्तरात होता आणि पाणी तळ्यात. दोहोंमधले अंतर माणसांनी पायी चालून कापले, आणि त्याची किंमत त्या दिवशी डोकी फुटून मोजली. त्यानंतरही न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. हक्क लिहिला जातो तेव्हा तो मिळत नाही. कोणीतरी त्याच्यापर्यंत चालत जावे लागते.

मॅकूकच्या पुस्तिकेतली ती बारीक अक्षरांतली नामावलीही अशीच कोणी कोणाच्या दारापर्यंत गेल्यामुळे तयार झाली. मॅकूक १९८३ मध्ये पुन्हा जमलेल्या स्काटलाइट्सबरोबर वाजवत राहिला आणि मे १९९८ मध्ये गेला. म्हणजे पुनःप्रकाशनाच्या या लाटेची सुरुवात त्याने पाहिली, राजेपद पाहिले नाही. पैशाचा हिशेब त्या नामावलीने चुकता झाला असेही नाही. शिवाय लंडन-मँचेस्टरच्या कंपन्यांनी किंग्स्टनच्या वस्तीतले संगीत सुबक वेष्टणात विकावे, यातही एक विसंगती आहेच. नाचण्याचे संगीत त्यामुळे बसून ऐकण्याचे झाले, आणि आम्हीही ते बसूनच ऐकले. पण एखादे नाव योग्य जागी छापले गेले की पुढच्या अभ्यासकाला निदान प्रश्न विचारायला जागा मिळते. साहित्याच्या इतिहासात आपण हे पुरते जाणतो. ज्या कवयित्रीच्या ओव्यांवर कोणाचेच नाव नाही तिच्याविषयी आपण लोकसाहित्य म्हणून बोलतो, आणि लोक म्हणजे नेमके कोण हे विचारायचे विसरतो. भीमगीतांतल्या वादकांनाही आपण आता याच मार्गाने लोकांत जमा करत आहोत. फरक एवढाच की ओवी रचणारी कोण होती हे आता शोधता येणार नाही. हे वादक अजून अंगणात बसलेले आहेत.

हा लेख लिहिताना आम्ही मास्तरांना त्यांचे नाव देण्याची परवानगी मागितली. त्यांनी नकार दिला. आम्हांला वाटले, संकोच असेल किंवा जुन्या कामाचा कंटाळा. तसे नव्हते.

“एकट्याचं नको,” ते म्हणाले. “त्या दिवशी आमी सात जन होतो. माझं छापाल नि बाकीचे सहा पुन्यांदा राहतील. सात मिळाले तर छापा.”

नावाचा आग्रह धरणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांनी अशा रीतीने नावाचा दुसरा नियमही शिकवला. वाद्यवृंदातले एकच नाव उचलणे म्हणजे उरलेली पुसणेच. ‘रिअल कूल’च्या वेष्टणावरचे ते राजाचे बिरुद आम्हांला तेव्हापासून जरा अवघडल्यासारखे वाटते.

म्हणून सध्या आमच्याकडे एक वही आहे. तिच्या एका पानावर त्या गाण्याची ओळ नाही, कवीचे नाव नाही, ती कॅसेटवर आहेतच. पानावर सात वाद्ये लिहिली आहेत: सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, हार्मोनियम, बेंजो, ढोलकी, तबला, खंजिरी. पहिल्यासमोर नाव आहे. ढोलकीसमोर आहे, ते गृहस्थ वारले, त्यांच्या मुलीने कल्याणहून कळवले. क्लॅरिनेटसमोर फक्त आडनाव आणि मंडणगड तालुका एवढे आहे. बाकी चार जागा रिकाम्या आहेत. आमच्या महाविद्यालयातली काही मुले या वर्षी प्रकल्पासाठी विषय मागत होती. त्यांना आम्ही कॅसेटची प्रत आणि त्या चार वाद्यांची यादी दिली आहे, आणि मास्तरांच्या वाडीची वाट सांगितली आहे.